अक्काचं पातेलं

माझी अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तिचा नवरा गेला आणि ती चामराजपेटच्या आमच्या घरी परत आली, ती एक ट्रंक आणि एक पितळी पातेलं घेऊन. पातेलं वडिलांनी तिच्या लग्नात दिलेलं. आमच्यात भांड्यांवर घालतात तसं त्यावर नाव घातलेलं होतं: वडिलांचं पूर्ण नाव, आडनाव, चामराजपेट, आणि खाली चि. सौ. कां. लावून अक्काचं. बाकीची भांडी सासरी राहिली. यावर नाव होतं म्हणून हे एवढं तिला मिळालं.

त्या पातेल्याच्या बाबतीत मी जे केलं ते आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

अठ्ठावन्न-एकोणसाठच्या सुमाराची गोष्ट. मी दंडूच्या भागात एका सरकारी कचेरीत कारकून होतो. कंटोन्मेंटला आमच्याकडची जुनी माणसं दंडूच म्हणत. कचेरीमागच्या गल्लीत एका चिनी जोडप्याचं छोटं हॉटेल होतं. पाच टेबलं, त्यांवर मेणकापड, आणि एका कोपऱ्यात बायकामाणसांसाठी हिरव्या पडद्याची खोली. मी कधीमधी तिथे चहा प्यायला जायचो. आमच्या घरात अंडंही येत नसे, त्यामुळे चहाच्या पुढे माझी मजल गेली नव्हती.

अक्का प्राथमिक शाळेत शिकवायची. तिचे डोळे दुखू लागले म्हणून मी तिला दंडूतल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी थेंब घातले आणि दोन तास थांबायला सांगितलं. ऊन तिला सोसेना. मी तिला हात धरून त्या हॉटेलात आणलं आणि पडद्याआड बसवलं. नवरा गेल्यापासून तिने बाहेर कुठे पाणीसुद्धा घेतलेलं नव्हतं. मी म्हटलं, कोणी बघितलं तर? ती डोळे चोळत म्हणाली, "मलाच कोणी दिसत नाही, मग मी कोणाला कशी दिसेन?"

चहा घेऊन हॉटेलवाली बाईच आली. अक्काच्याच वयाची, अंगात फिकट निळा झगा, केस कानाशी कापलेले. तिला मोडकंतोडकं कन्नड येत होतं. पलीकडच्या टेबलावर नूडल्स जात होत्या, त्यांचा वास अक्काला आला. तिने विचारलं, हे भाज्या घालून करता का? बाई म्हणाली, करतो. अक्काने पुढचं विचारलं, कढई वेगळी असते का?

बाईने स्वयंपाकघराकडे बघितलं. मग म्हणाली, "नाही अक्का. कढई एकच. सगळं त्यातच."

मी तिला अक्का म्हणतो हे तिने ऐकलं होतं, म्हणून तीही म्हणाली. हो म्हणाली असती तर अक्काला काय कळणार होतं? दोन प्लेटी खपल्या असत्या. अक्काने नुसता चहा घेतला. परत जाताना बसमध्ये ती एवढंच म्हणाली, की बाई खरं बोलली.

पुढच्या महिन्यात चष्मा आणायला निघालो तेव्हा तिच्या पिशवीत काहीतरी जड होतं. हॉटेलात पोचल्यावर तिने पातेलं काढून टेबलावर ठेवलं. मी लाजेने अर्धा झालो. पण त्या बाईने दोन्ही हातांनी ते उचललं, नावावरून बोट फिरवलं, आणि म्हणाली, "सरी, ठीक अक्का. हे तुझं. दुसरं काही यात जाणार नाही."

पितळी, कल्हईच्या पातेल्यात मोठ्या आचेवर परतणं शक्य नव्हतं, म्हणून ती पाणी उकळून त्यातच नूडल्स, कोबी, गाजर, आलं आणि पातीचा कांदा शिजवायची. तो पदार्थ त्यांच्या फळ्यावर कुठेच लिहिलेला नव्हता. पांढऱ्या वाडग्यातून यायचा, वाडग्यावर निळे मासे. वर व्हिनेगरमधल्या मिरच्या. "स्वल्प खार?" म्हणजे थोडं तिखट का, असं विचारून ती थांबायची, आणि अक्का दोन बोटं वर करायची. पहिल्यांदा अक्काने हातानेच उचललं आणि नूडल्स कोपरापर्यंत ओघळल्या. दोघी हसल्या. अक्काला इतकं हसताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

मग दर महिन्याचा एक शनिवार ठरूनच गेला. घरी सांगायचं, डॉक्टरकडे जातो. आई म्हणायची, "तुझ्या डोळ्यांचा नंबर काय तिथीप्रमाणे बदलतो काय गं?" अक्का मान खाली घालून निऱ्या नीट करायची. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तिने स्वतःच तो हिरवा पडदा बाजूला सारला आणि रस्त्याकडे तोंड करून बसली. अक्का लिंबाचं लोणचं न्यायची, ती बाई ते भाताशी खायची. दोघी एकमेकींना अक्काच म्हणत. पातेलं स्वयंपाकघरात, त्यांच्या उदबत्तीच्या फळीशेजारी वेगळ्या खिळ्याला टांगलेलं असे. कल्हई गेली की ती बाई गल्लीतल्या कल्हईवाल्याकडून करून घ्यायची. असं जवळजवळ चार वर्षं चाललं.

बासष्टच्या दिवाळीच्या तोंडावर सरहद्दीवर लढाई सुरू झाली. हॉटेलावरच्या पाटीला कोणीतरी चुना फासला. चिनी लोकांच्या घरी पोलीस चौकशीला जातात असं ऐकू येऊ लागलं. मी त्या हॉटेलात जातो हे कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं. डबा उघडताना आमचे साहेब सगळ्यांसमोर मला म्हणाले, "काय हो, तुमचं सासर काय म्हणतंय? लाल झेंडा कधी लावणार?" सगळे हसले. मीही हसलो. माझी नोकरी त्याच वर्षी कायम व्हायची होती.

दुपारभर माझ्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट होती. पोलीस त्या स्वयंपाकघरात शिरतात, खिळ्यावरचं पातेलं काढतात, आणि वाचतात. वडिलांचं नाव, आडनाव, चामराजपेट. बहिणीच्या हक्काची खूण म्हणून कोरलेली ती अक्षरं मला माझ्याविरुद्धची साक्ष वाटली. आज हे लिहिताना हसू येतं. तेव्हा आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी मागच्या दाराने गेलो. हॉटेल रिकामं होतं. बाईचा नवरा भाजी निवडत बसला होता. बाईने आधी अक्काची तब्येत विचारली. मी म्हणालो, पातेलं हवंय. का, ते तिने विचारलं नव्हतं, पण मीच सांगून टाकलं, "घरात लग्न आहे. माझं." माझं लग्न तेव्हा ठरलंही नव्हतं.

तिचा चेहरा उजळला. तिने पातेलं काढून फडक्याने पुसलं. आत नवी कल्हई चकाकत होती. दिवाळीला अक्का येणार म्हणून आधीच करून ठेवली, असं ती म्हणाली. मग आत जाऊन वाळवलेल्या नूडल्सची एक जुडी आणली. लांबच लांब, लाल दोऱ्याने बांधलेली. आमच्यात नवरा-नवरीला देतात, म्हणाली, तोडायच्या नाहीत, जितक्या लांब तितकं आयुष्य. जुडी पातेल्यात ठेवून तिने वर फडकं बांधलं.

"लग्न झालं की अक्काला घेऊन ये," ती म्हणाली. "पातेलं पण आण."

मी हो म्हणालो.

जुडी घरी नेणं शक्य नव्हतं. कचेरीच्या सायकल स्टँडमागे गटार होतं, तिथे मी ती टाकली. मावेना, म्हणून मोडून टाकली.

घरी मी अक्काला सांगितलं, की ते लोक हॉटेल बंद करून कलकत्त्याला गेले, जाताना शेजाऱ्याकडे पातेलं ठेवून गेले. अक्काने पातेलं खिडकीपाशी नेलं आणि आत बघत राहिली.

"घाईने गाव सोडणारं माणूस दुसऱ्याच्या भांड्याला कल्हई करत बसतं का रे?"

मी म्हणालो, आधी केली असेल. पातेलं तिने ट्रंकेत ठेवलं. पुन्हा कधी चुलीवर चढवलं नाही, आणि पुन्हा कधी बाहेर जेवलीही नाही.

माझी नोकरी कायम झाली. मी त्या गल्लीतून जाणं सोडलं, पुढच्या फाटकाने जाऊ लागलो. माझं खरंच लग्न झालं, त्यानंतर दीड वर्षाने एकदा हिंमत करून गेलो. तिथे शिंप्याचं दुकान होतं. त्याला विचारलं तर तो म्हणाला, गेले, कुठे ते ठाऊक नाही. माझं खोटं माझ्या पाठीमागे खरं होऊन बसलं होतं. पण जाण्याआधी त्या बाईने किती महिने वाट बघितली असेल, याचा हिशोब मी मनात पुष्कळदा करतो आणि मध्येच सोडून देतो.

अक्का एकोणसत्तरमध्ये आजारी पडली. शेवटी शेवटी तिला अन्न जात नव्हतं. एका दुपारी ती म्हणाली, त्या अक्काच्या हातचं काहीतरी गरम मिळालं तर खाईन. मी उठलो, दंडूत एक मोठं चिनी हॉटेल निघालं होतं तिथे गेलो, भाज्यांच्या पातळ नूडल्स डब्यात घेतल्या. परत येईपर्यंत त्या फुगल्या होत्या. मी तिला उशीला टेकवून बसवलं आणि चमचा पुढे केला.

तिने चमच्याकडे बघितलं. मग विचारलं, "कढई वेगळी होती का रे?"

मी विचारलंच नव्हतं. घाईत लक्षातच आलं नव्हतं.

"हो," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. तिचे डोळे तेव्हा चांगले होते, मोतीबिंदू वगैरे काही नव्हतं. मग तिने तोंड उघडलं आणि तो घास घेतला. दुसराही घेतला. तिसऱ्याला मान हलवून नको म्हणाली, आणि माझ्या हातावर हात ठेवून पडून राहिली.

पातेलं आता माझ्याकडे आहे. बायको म्हणते, मोडीत देऊन स्टीलचं घेऊ या. मी काहीतरी कारण सांगतो. आतली कल्हई अजून तशीच आहे, फक्त थोडी काळवंडली आहे. तिच्यात काही शिजलंच नाही.