हरणांच्या कुंपणापाशी सुमतीताई

सुमतीताई मेश्राम बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत नसत, खालच्या पापणीकडे बघत. नागपूरला वीस वर्षं जनावरांची डॉक्टरी केलेली. अंगात रक्त कमी झालं की पापणी आधी फिकी पडते, हे डोक्यात पक्कं बसलेलं. चाऱ्यावरच्या संशोधनासाठी त्या नेदरलँड्समधल्या युट्रेख्टला आल्या होत्या आणि आमच्या घरामागे हरणांचं जे कुंपण घातलेलं कुरण होतं, तिथे सकाळी मदतीला जात. पहिल्याच भेटीत मला म्हणाल्या, "नीट झोपून नाही राहिला तू."

ते खरं होतं. दोन हजार वीसच्या मार्चमध्ये वडिलांच्या आजारपणासाठी बायको पुण्याला गेली आणि विमानं बंद झाली. शाळाही बंद. आमची सहा वर्षांची मुलगी इरा दिवस दिवस बोलत नसे. कुंपणाशी उभी राहून मोठ्या नराची वाढती, मखमली शिंगं बघायची. तो मात्र लांबच राही. "तो येतच नाही," एवढंच ती डचमध्ये म्हणे.

मी ऑनलाइन क्षारांची भुकटी मागवली. हरणं जवळ येतात, शिंगं भरतात, असं पाकिटावर लिहिलं होतं. तीन आठवडे, आसपास कोणी नाही असं बघून, रोज मूठभर जाळीतून आत टाकली. नर येऊ लागला, इरा हसू लागली. हेंक नावाच्या म्हाताऱ्या राखणदाराच्या पाच मेंढ्या त्याच कुरणात चरायच्या. त्याही ती माती चाटायच्या. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

एका सकाळी ताई जाळीशी उकिडव्या बसून ती माती चिमटीत धरून बघत होत्या.

"हे कोण टाकून राहिलं, माहीत आहे तुला?"

मी नाही म्हणालो.

"हरणाच्या भुकटीत तांबं असते. हरणाला ते लागते, मेंढीला विष होते. यकृतात साचत राहते आणि एक दिवस सगळं रक्तात उतरते."

मी घरी येऊन लॅपटॉप उघडला. मीटिंगमध्ये कोण काय बोललं ते आठवत नाही.

दुसऱ्या सकाळी एक मेंढी आडवी पडली होती. तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा झाला होता. हेंक तिच्याजवळ गुडघे टेकून बसला होता. मी ताईंना बाजूला बोलावून सगळं सांगितलं.

"पालिकेत तक्रार गेली तर माझ्या इथे राहायच्या परमिटचं काय होईल? इरा माझ्याकडे एकटी आहे."

ताईंचा आवाज चढला नाही. "परमिटचं मागून पाहू. इथला जनावरांचा डॉक्टर वाटेत आहे. किती दिवस टाकलं, ते बोल. पाकीट घेऊन ये. आणि हेंकला तूच सांगायचं. मी शेजारी उभी राहते."

त्या उभ्या राहिल्या, कोरोनाच्या नियमाप्रमाणे दीड मीटरवर. माझ्या मोडक्या डचमध्ये मी सांगितलं. हेंकने ऐकून घेतलं आणि पाठ फिरवली.

उरलेल्या चार मेंढ्यांना औषध द्यायला गोठ्यात न्यायचं होतं. "पळवू नको," ताई हलक्या आवाजात म्हणाल्या. "घाबरली की यकृतातलं तांबं रक्तात उतरते, मग गेली समज." शंभर पावलांच्या वाटेला आम्हाला दोन तास लागले. मेंढी थबकली की आम्हीही थबकायचो. मला खोकला आला, तो मी तोंडात हात कोंबून दाबला.

आडवी पडलेली मेंढी दुपारपर्यंत मेली. चार वाचल्या. हेंकने तक्रार केली नाही, पण वर्षभर माझ्याकडे बघितलंही नाही.

पुढच्या वर्षी ताई नागपूरला परत निघाल्या. मी त्यांची बॅग स्टेशनवर पोचवायला गेलो आणि इतके दिवस अडलेला प्रश्न विचारला.

"तुम्ही विचारलंत तेव्हाच मी सांगितलं असतं, तर ती वाचली असती?"

"वाचली असती कदाचित," त्या म्हणाल्या. "तुला बरं वाटावं म्हणून मी 'नाही' म्हणणार नाही." मग त्यांनी विचारलं, "इराला सांगितलं?"

"नाही."

"सांग."

त्या संध्याकाळी मी इराला सांगितलं. मग तिने विचारलं, "त्या मेंढीचं नाव काय होतं?"

मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं हेंकला विचारायला गेलो.