काहीच न पेलणारी भिंत

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. नागभीडजवळच्या आमच्या मातीच्या घरात नणंदेचं लग्न ठरलं. पाहुण्यांना जागा हवी, म्हणून मधली भिंत पाडायला एक गवंडी आला. त्याचं नाव मी कधी विचारलंच नाही.

छपराच्या आडव्या लाकडांकडे बघत त्यानं बैलाची पाठ थोपटावी तशी भिंत थोपटली. "हिले हात नाई लावाचा, बाई. अख्खं छप्पर हिच्यावर बसून राह्यलं."

मग तो स्वयंपाकघरातल्या भिंतीकडे वळला. ती छपरापर्यंत पोचतच नव्हती. वरच्या फटीतून हात घालून त्यानं पलीकडे बोटं नाचवली. तिकडे भात रांधणारी माझी थोरली जाऊ दचकून ओरडली. तो खदखदून हसला.

"हिच्यावर तं काईच नाई. काऊन बांधली मंग?"

आम्ही दोघी जावांनी भांडून चुली वेगळ्या केल्या, तेव्हाची ती भिंत.

पलीकडून जाऊ म्हणाली, "भांडलो होतो, भाऊ. कायच्यासाठी, ते याद नाई."

मलाही आठवेना. दोघींना हसू फुटलं.

"पाडू मंग?"

"पाडा!" आम्ही एकदमच म्हणालो.

दुपारी धूळ बसली. झाकलेला भाताचा गंज घेऊन जाऊ समोर उभी होती. "पाट मांड वं," ती मला म्हणाली.

मी मांडले. आमच्या आधी गवंडीच बसला.