बांधीत उतरलेला शिवणीचा पाय

नागपुरात चिखल चुकवत उड्या मारणारा मी, भर पावसाळ्यात खास चिखल बघायला निघालो तो ताईमुळे. गोष्ट पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धातली, तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यात होतं. ताईचा निरोप आला होता की तिचा पाय तयार झालाय, तो घ्यायला मी गोंदियाला यावं. भाऊजींना चिखलणी सोडून हलता येत नव्हतं.

ताईचा डावा पाय बैलगाडीच्या चाकाखाली सापडून गुडघ्याखालून गेला होता. तिच्या सासरी, दरेकशाला, भाताच्या रोवणीची पहिली ओळ तीच धरायची, पण गेल्या दोन रोवण्या तिने धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून बघितल्या. यंदा बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, उतरणार, असं तिने अख्ख्या गावाला सांगून ठेवलं होतं.

नागपूरहून सकाळची पॅसेंजर धरा, खिडकी डावीकडची घ्या आणि गोंदियाच्या फलाटावर गरम समोसे खा. मी चार खाल्ले. ताई दरेकशाहून कुबड्या घेऊन आली होती. आम्ही रिक्षाने एका शेठजींच्या आवारात गेलो. तिथे भातगिरणी आणि आरागिरणी शेजारी शेजारी होत्या. माप सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांनी घ्यायचं, खर्च सरकारने करायचा, लाकूड आणि सुतार शेठजींनी द्यायचा, असा त्यांचा मेळ जमला होता. ताईचा पाय पहिलाच. तो चालला तर आणखी लोकांना मिळणार होते.

पाय शिवणीच्या हलक्या लाकडाचा, कॅनव्हासच्या पट्ट्यांचा. खाली चकचकीत चामडी बूट स्क्रूने पक्का बसवलेला. बूट शेठजींनी स्वतः बाजारात हिंडून पसंत केला होता आणि हे त्यांनी आम्हाला तीनदा सांगितलं. ताई लाकडाच्या भुशातून आवारभर चालली. डॉक्टर टाळ्या वाजवायचेच बाकी होते. दोन दिवसांनी गावी येऊन पाहतो, म्हणाले.

गोंदियाहून पुढची गाडी सालेकसा सोडलं की जंगलात शिरते. डोंगर जवळ येतात, हिरवा रंग डोळ्यांत मावत नाही. दरेकशाचं स्टेशन एवढंसं, पुढे बैलगाडी. छत्री न्या, पण तिच्यावर फार विसंबू नका.

घरी पोचलो आणि ताई ओसरीवरच थांबली. खाली बसून तिने पट्टे सोडले, नवा पाय बुटासकट दाराबाहेर ठेवला आणि कुबड्या घेऊन आत गेली. चामडं घालून ती चुलीपाशी जाणार नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. जेवायला सात्यांची भाजी होती. वारुळाजवळ उगवणारी ही अळिंबी पावसाळ्यात थोडेच दिवस मिळते आणि तेवढ्यासाठीही हा प्रवास करावा. मी मात्र सारखा दाराबाहेरच्या पायाकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी बांधीवर बाया परे, म्हणजे भाताची रोपं, घेऊन उभ्या होत्या. ताई पाय लावून धुऱ्यापर्यंत झपाझप गेली आणि तिथेच थबकली.

"काऊन व बाई, पाय दुखून राहिला का?" एकीने विचारलं.

"पायतन घालून बांधीत कशी उतरू?" ताई म्हणाली.

मी शहाणपणा शिकवायला गेलो की हा तर पायच आहे. ती माझ्यावर उखडली. "पाय माया हाय. बूट सरकारचा हाय."

बायांनी ओळ धरली, ताई दिवसभर धुऱ्यावर बसून राहिली. मला शेठजींच्या त्या बुटाचा भयंकर राग आला.

ठरल्याप्रमाणे डॉक्टर, शेठजी आणि सुतार आले. भाऊजींनी भीतभीत सगळं सांगितलं. डॉक्टर पोट धरून हसले. इतके महिने त्यांनी गुडघ्याचा विचार केला होता, उंबरठ्याचा केलाच नव्हता. शेठजी थोडे हिरमुसले, पण स्क्रू त्यांनीच काढायला लावले. बुटाच्या आत नुसता अरुंद ठोकळा निघाला. हा चिखलात खुंटीसारखा रुतेल, डॉक्टर म्हणाले.

"गिरनी का पुराना पट्टा है ना," शेठजी म्हणाले. "रबर का. पानी में कुछ नहीं होगा."

डॉक्टर आणि शेठजी मुक्कामी राहिले, सुतार गोंदियाला जाऊन दुसऱ्या दिवशी पट्टा घेऊन आला. डॉक्टरांनी ओसरीवर कोळशाने रुंद पाऊल आखलं, सुताराने ते शिवणीतून काढलं, जवसाचं तेल पाजलं आणि तळाला पट्टा ठोकला. ताईने अंगठ्याशेजारी एक फट ठेवायला सांगितली. चिखलात फटीचं काय काम, असं सुताराने विचारलं. ताईने फट मात्र करून घेतलीच.

मग ती उतरली. पहिल्याच पावलाला पाय रुतला, भाऊजी धावले, तिने हातानेच त्यांना थांबवलं. ओढून पाय काढला, पुढे टाकला, वाकली आणि पहिला परा रोवला. बायांनी गाणं धरलं. शेठजी जोडे धुऱ्यावर काढून, धोतर खोचून पोटरीभर चिखलात उभे होते आणि मोठ्याने हसत होते. मी रडत होतो. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, आणि हे माझ्या बायकोलाही ठाऊक आहे.

परत येताना भाऊजींनी तो बूट माझ्या पिशवीत कोंबला. एकच बूट घेऊन नागपुरात उतरणाऱ्या माणसाकडे लोक कसे बघतात, ते मला विचारा. पावसाळ्यातलं दरेकसा, सात्या, गोंदियाचे समोसे, हे सगळं आठवतंच. पण त्या फटीचं कोडं मला दिवाळीपर्यंत सुटलं नाही.

दिवाळीत ताई नव्या तांदळाची पिशवी घेऊन आमच्याकडे आली. दारात टेकली, आधी उजव्या पायातली चप्पल काढली, मग लाकडी अंगठ्याच्या फटीतून डावी काढली. दोन्ही भिंतीशी जोडीने लावून ठेवल्या आणि चालत स्वयंपाकघरात गेली.