हसऱ्या पोरींना टाळ नाही

कुंभकोणमात टायपिंग शिकलेला माणूस गंगाबाईंच्या फुटपट्टीखालून गेला नाही, असं सहसा होत नाही. पितळेच्या समया विकणाऱ्या दुकानावरच्या माडीवर त्यांची इन्स्टिट्यूट. अकरा मशिनं, अकरा स्टुलं, आणि मधून फेऱ्या मारणाऱ्या गंगाबाई. वय एकसष्ट, कडक इस्त्रीची सुती साडी, दोन्ही नाकपुड्यांत चमक्या. बोलणं तमिळमधून आणि तेही मोजकं. एक शब्द, मग गप्प, मग दुसरा शब्द. म्हणून पोरांनी नाव ठेवलेलं स्पेसबार. मीही त्या माडीवर आठ महिने बोटं मोडून घेतली, पण या बाईंना हसताना पाहिलं नाही. नवरा मणी मशिनं दुरुस्त करायचा. त्याच्याकडंही बोलणं कमी आणि तेल जास्त. तो गेल्यापासून तर माडीवर फक्त खटखट.

या बाईला दहाव्या वर्षी हसण्यावरून भजनातून हाकललं होतं, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं. सांगितलं धनलक्ष्मीबाईंनी. आणि सांगता सांगता त्या इतक्या हसल्या की गोष्ट पुरी व्हायला तीन संध्याकाळी लागल्या.

धनलक्ष्मी म्हणजे गंगाच्या समोरच्या घरातली धना. दोन्ही घरं, माझ्या घरासारखीच, तंजावरच्या राजांबरोबर इकडं आलेल्यांची. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. मोठ्यांना ही अडचण वाटायची, पोरींना हा खजिना वाटायचा. शाळेत मास्तरांच्या तोंडावर त्यांच्या धोतराबद्दल काय हवं ते बोला, मास्तर म्हणायचे, पोरी पाठांतर करताहेत. कावेरीच्या घाटावर ओल्या परकरांनी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवायची. देवळात सुंडल मिळालं की ते ओच्यात घेऊन पळायचं, आणि कुणाच्या ओच्यातून किती चणे सांडले यावर पुन्हा तासभर हसायचं. हसायला कारण लागत नसे. एकीनं दुसरीकडं बघितलं की पुरे.

एकदा दोघी तिरुवलंचुळीच्या पांढऱ्या विनायकाला बसनं निघालेल्या. समोरच्या बाकावर एक झुपकेदार मिशांचा गृहस्थ. धना म्हणाली, ही मिशी न्हवं गे, दोन खारी भांडत अहांत. गंगा म्हणाली, मधलं नाक म्हणजे त्यांचं भांडण सोडवणारं. मग अर्धा तास त्या खारींची लग्नं झाली, बाळंतपणं झाली, एक खार माहेरी निघून गेली. उतरायच्या ठिकाणी गृहस्थ उठला, मिशीवरून हात फिरवला आणि चोख आपल्या मराठीत म्हणाला, "बाजूस व्हा पोरींनो, खारींस उतरायचं अहे."

तो तंजावरचा कुणी काका निघाला. दोघी विनायकापुढं उभ्या राहिल्या तेव्हा हात जोडलेले आणि खांदे गदगदा हलत होते. गुरुक्कलांना, म्हणजे पुजाऱ्यांना वाटलं, पोरींना भक्तीचा उमाळा आला. त्यांनी विभूती दुप्पट दिली.

गंगाचे वडील तुकोजीराव पोस्टात होते आणि दर शनिवारी घरी भजन चालवत. ते हसत नसत. पुढे बसून टाळ वाजवायला मिळणं ही त्या घरातली सगळ्यात मोठी पदवी. गंगाला ती दहाव्या वर्षी मिळाली, कारण गळा होता आणि सगळे अभंग तोंडपाठ होते. त्यातला एक तिच्याच पणजोबांनी, व्यंकटरमणरावांनी रचलेला:

तूच माझा बाप, मी तुझी गाय
सोडू नको देवा, धरिले मी पाय

बापाची गाय कशी, असं पोरींनी विचारून मार खाल्लेला. पणजोबांना यमक साधायचं, नातं साधायचं नाही, असं धनाचं मत.

आता खरी गंमत अशी की आमच्या लोकांची नागरी अक्षरं पणजोबांबरोबरच गेली. भजनाची वही मराठी, पण लिपी तमिळ. आणि तमिळ लिपीत प आणि ब यांचं अक्षर एकच. क, ख, ग, घ या चौघांचंही घर एकच. तमिळ माणसाला त्यानं काही अडत नाही. आमच्या घरच्या माणसालाही अडत नाही, कारण त्याला शब्द ठाऊक असतो. पण त्या शनिवारी भजनाला स्वामीनाथ चेट्टियार आले. पानांचे व्यापारी, मोठे भाविक. त्यांनी वही मागून घेतली, डोळे भरून आणले आणि खड्या आवाजात एकट्यानं ओळ उचलली:

"तूच माझा पाप, मी तुझी काय."

देवाला पाप म्हटलं, आणि वर विचारलं, मी तुझी कोण लागते? एवढ्यावर गंगानं ओठ चावून निभावलं होतं. पण तमिळमध्ये काय म्हणजे भाजीचं कच्चं फळ, आणि धना कानाशी लागून म्हणाली, "कत्तरिक्काय." म्हणजे वांगं.

मी तुझी वांगं. गंगाच्या तोंडून जो आवाज निघाला त्याला धनाबाई आजही प्रेशर कुकरची शिट्टी म्हणतात. टाळ उडून मृदंगावर पडला. धना समोरच्या बाईच्या मांडीवर. चेट्टियारांना कळेना, आपलं काय चुकलं. तुकोजीरावांनी भजन थांबवलं, दोघींना दाराकडं बोट दाखवलं आणि म्हणाले, "हसऱ्या पोरींना टाळ नाही."

त्यांचा शब्द पोस्टाच्या शिक्क्यासारखा, एकदा पडला की पुसत नसे. त्या दिवसापासून दोघी शनिवारी बाहेरच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर. आतून भजन ऐकायचं, बाहेर बसून म्हणायचं. म्हणता म्हणता चेट्टियारांची आठवण व्हायची आणि संपलं. धना विसाव्या वर्षी लग्न होऊन कोइमतूरला गेली. गंगा ओट्यावर एकटी उरली, आणि एकटीला हसू येईना. पण तेव्हा तिला आत कुणी बोलावलं नाही आणि तिनं विचारलंही नाही. वडील गेले, भजन चुलतभावाकडं, चंद्रमौलीकडं गेलं. गंगाबाई दर शनिवारी मागच्या रांगेत बसायच्या. हातात टाळ नसायचा, बोटं मात्र मांडीवर वाजत. बाकीचे समजायचे, टायपिंगची सवय.

गेल्या वर्षी कार्तिकी एकादशीला गोविंदपुरमच्या विठ्ठलापुढं आमच्या मंडळीला सकाळचा अर्धा तास मिळाला. महिनाभर आधी चंद्रमौलीच्या गळ्यावर गाठ आली. डॉक्टरांनी ती साधी ठरवली, पण दोन महिने आवाज काढायचा नाही म्हणून बजावलं. तो पाटी घेऊन माडीवर आला. पाटीवर लिहिलं, अक्का, पुढं तू बसशील का. 'का' पुरा व्हायच्या आत गंगाबाई म्हणाल्या, "बसतें."

एकावन्न वर्षं वाट बघून मिळालेली जागा. त्या एका रात्रीच नाही, चांगल्या चार रात्री झोपल्या नाहीत म्हणे. आणि पाचव्या दिवशी धनलक्ष्मी कोइमतूरहून सामानासकट कुंभकोणमला मुलाकडं राहायला आली.

चंद्रमौलीनं पाटीवर फक्त एवढंच लिहिलं: धनाक्का??

गंगाबाई तिला भजनाला येऊ नको म्हणून सांगायला गेल्या. दार उघडलं. दोघींचे केस पांढरे झालेले, एकीचे गुडघे गेलेले, दुसरीचे दात. एकमेकींकडं बघितलं आणि दोन मिनिटं दारातच वाकून हसत राहिल्या. धनाच्या सुनेला वाटलं, कुणी गेल्याची बातमी आली. मग गंगाबाईंनी डोळे पुसून सांगितलं की ही एकच गोष्ट मज आयुष्यात पुन्हा मिळाली अहे, आणि तू समोर असलीस तर ती जाणार.

धनाबाई म्हणाल्या, "मी खांबामागं बसतें. तू देवाकडं बघ, मज बघूं नको."

ठरलं. पण हसू धनाकडून आलं नाही तरी वहीतून येईल, ही धास्ती होतीच. मंडळीतले निम्मे आता तमिळ, आणि मराठी घरातल्या नव्या पिढीलाही शब्द कुठं ठाऊक? म्हणून गंगाबाईंनी सगळी वही तमिळ मशिनवर नव्यानं टाइप केली, चौदा जणांना चौदा प्रती. जिथं अक्षर मऊ म्हणायचं तिथं लाल शाईचा ठिपका. ठिपका दिसला की ब, ग, द. नाही तर प, क, त. मग रोज संध्याकाळी चौदा जणांना स्टुलांवर बसवून तालीम. बाप. पुन्हा. बाप. पुन्हा. पेटीवाला सतीशकुमार बँकेत कॅशियर, पन्नाशीचा माणूस, पण फुटपट्टी मशिनवर आपटली की त्याचीसुद्धा मान सरळ व्हायची. तिसऱ्या आठवड्यात अशी वेळ आली की लोक घरी बायकोकडं पापड मागतानाही ठिपका शोधायला लागले.

एकादशीला सकाळी व्हॅननं गोविंदपुरमला पोचलो तर पुढच्या दोन रांगांत पुण्याहून आलेल्या पस्तीस बायका, सगळ्यांच्या मांडीवर छापील गाथा. चंद्रमौलीचा चेहरा पडला. आमचं मराठी ऐकून महाराष्ट्रातल्या माणसांच्या तोंडावर जे कौतुक येतं, जुन्या पेटीतला अंगरखा बघितल्यासारखं, ते आम्हांला नको असतं. गंगाबाई मात्र ताठ बसल्या. टाळ हातात, नजर देवावर. धनाबाई कबूल केल्याप्रमाणं खांबामागं. पदराचं टोक तेवढं दिसत होतं.

पहिले दोन अभंग उत्तम गेले. मग पणजोबांचा. गंगाबाईंनी ओळ म्हटली. चौदा जणांनी वह्या डोळ्यांशी धरल्या आणि एका आवाजात उचलली. तूच माझा बाप. निर्मळ ब. मी तुझी गाय. निर्मळ ग. गंगाबाईंचे खांदे खाली आले. चंद्रमौलीनं डोळे मिटून हात जोडले. एक पुणेकर बाई मान डोलावू लागल्या.

आणि ते चौदा जण, बाप जिंकला, गाय जिंकली या जोरात, ठिपका असो नसो, सगळंच मऊ करत सुटले:

"सोडू नगो देवा, धरिले मी बाय."

डोलणारी मान थांबली.

गंगाबाईंनी अजून देवावरचीच नजर काढली नव्हती. पण तिथं तो कमरेवर हात ठेवून उभा, शेजारी रुक्मिणी, आणि इकडं चौदा माणसं रुक्मिणीदेखत त्याला बजावताहेत की सोडू नकोस, आम्ही बाय धरली. देव जणू विचारत होता, कुठली? कुकरची शिट्टी झाली. टाळ निसटला, घरंगळत पुणेकरांच्या रांगेत गेला. गंगाबाई पदर तोंडात कोंबून पुढं वाकल्या त्या वाकल्याच. सतीशकुमारचा हात पेटीवर थबकला. गाणं बंद पडायला आता एका श्वासाचं अंतर.

तेवढ्यात खांबामागून आवाज आला. धरिले मी पाय. जाड, कसलेला, एकावन्न वर्षं ओट्यावरच राहिलेला आवाज. धनाबाई गुडघे धरत उठल्या, गात गात पुढं आल्या, टाळ पुणेकर बाईच्या हातातून घेतला आणि गंगाबाईंना ढोपरानं सरकवून शेजारी बसल्या. गंगाबाई पुरं एक कडवं हसल्या. दुसऱ्या कडव्याला धनाबाईंच्या आवाजाला कापरं भरू लागलं. ते ऐकताच गंगाबाईंनी तोंडातला पदर काढला आणि ओळ झेलली. मग धनाबाई वाकल्या. कधीकाळी दोघी एकदम हसायच्या, म्हणून बाहेर जायच्या. आता पाळी लावली. एक हसे तेव्हा दुसरी गाई. कडवी सहा होती, त्यांनी अकरा वेळा घेतली. मागचे चौदा जणही गदगदत होते, पण फुटपट्टीच्या धाकानं सुरात. आमचा अर्धा तास संपला, कुणी उठवलं नाही.

प्रसाद घेताना ती पुणेकर बाई आली आणि अदबीनं विचारू लागली की आलटून पालटून म्हणायची ही पद्धत तुमच्या तंजावरकडची का, आमच्याकडं कधी ऐकली नाही. गंगाबाईंनी तिला सांगितलं, हो, जुनी अहे, फार दिवस बंद होती. आणि अगदी गंभीर तोंडानं सांगितलं. धनाबाईंना खांब धरावा लागला.

व्हॅनमध्ये चंद्रमौली पाटीवर काहीतरी लिहू लागला. गंगाबाईंनी वाचायच्या आधीच पाटी काढून घेतली आणि म्हणाल्या, "पुढल्या सालीं अम्मी दोघी पुढं. एकीला खांबामागं धाडलास तर दुसरी येत नाही."

चंद्रमौलीला बोलायची बंदी होती. त्यानं मान हलवली. धनाबाईंना ते पुरेसं वाटेना. त्या म्हणाल्या, लिहून दे. आणि ठिपके देऊन लिही.