तिसऱ्या रविवारची चिठ्ठी

थोरली बहीण जाऊन महिना झाला, तिच्यासाठीची देवळातली मिस्सा आटोपून घरी आले आणि मागच्या गल्लीतून फुगे तळल्याचा वास आला. आंबवलेलं पीठ मुठीतून पिळून गरम तेलात सोडलं की सुटतो तो गोडसर वास. कुणाकडे तरी लग्न असणार. अंधेरीच्या पूर्वेचं आमचं गाव आता उंच इमारतींच्या तळाशी उरलं आहे, ख्रिस्ती घरं थोडीच. पण लग्न ठरलं की फुगे अजून होतात. मी खिडकी लावून घेतली. बहीण गेलेल्या बाईने एवढं केलं तर कुणी नावं ठेवत नाही. खरं कारण वेगळं होतं. असे फुगे एकदा आमच्या घरी व्हायचे होते, ते माझ्यामुळे झाले नाहीत.

ती पन्नासच्या दशकातली गोष्ट. गावाला तेव्हा तिन्ही बाजूंनी भातशेतांचा वेढा होता आणि सकाळच्या मिस्सेला जाताना परकर बांधावरच्या दवाने भिजत. थोरलीचं लग्न मढच्या एका मुलाशी ठरलं होतं. तो वेसाव्यापर्यंत तरीने येई, पुढे चालत, आणि आमच्या ओट्यावर बसून बाबाशी भाताच्या भावाबद्दल बोले. डोळे मात्र स्वयंपाकघराच्या दाराकडे. त्याला आखातात नोकरी लागली होती. जहाजाची तारीख ठरलेली. त्याआधी लग्न करायचं आणि वर्षभराने तिला न्यायचं, असा बेत होता.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार देवळात वधूवरांची नावं वाचत; चिठ्ठी वाचली, असं म्हणत. वाचून झाल्यावर पाद्री बजावत, ह्या लग्नाला काही आडकाठी कुणाला ठाऊक असेल तर देवाला स्मरून त्याने ती सांगितलीच पाहिजे.

मला ठाऊक होती. मुलाची आजी आणि आमची आजी सख्ख्या बहिणी. प्लेगमध्ये घर उजाडलं तेव्हा धाकटीला मढच्या एका कुटुंबाने नेऊन वाढवलं, आणि पुढे ते नातं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. आमच्या आजीने शेवटच्या दुखण्यात ते बाबाला सांगितलं, तेव्हा मी तिच्या उशाशी होते. इतक्या जवळच्या नात्यात बिशपच्या परवानगीवाचून लग्न होत नसे. पहिली चिठ्ठी वाचली त्या दुपारी बाबाने मला विहिरीपाशी गाठलं. कागद यायला महिने लागतात, जहाज कुणासाठी थांबत नाही, म्हणाला. "तू गप ऱ्हा. पाप असेल तर माझ्या डोक्यावर."

मी सतरा वर्षांची होते आणि धर्मशिक्षणात दरवर्षी पहिली येत होते. सगळी सत्ता देवाकडून येते, म्हणून राजाचं आणि बापाचं ऐकावं, हे मला पाठ होतं. आणि प्रेषितांना गप्प बसवू पाहणाऱ्या सभेला त्यांनी, माणसांपेक्षा देवाचं ऐकणं आम्हाला भाग आहे, असं सुनावलं, हेही पाठ होतं. ह्या दोन धड्यांच्या मधोमध आमचं स्वयंपाकघर होतं, आणि तिथे थोरली गुणगुणत पोलक्याला लेस लावत बसलेली. आज स्वतःला विचारते, त्यात देवाचं भय किती होतं आणि ती मला सोडून जाणार याचा राग किती.

तिसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी मी पाद्रींकडे गेले. ते म्हातारे होते, बागेत भेंडीला पाणी घालत होते. सगळं ऐकून त्यांनी झारी खाली ठेवली.

"बापाला विचारून आलीस?"

"देवाला विचारून आले, फादर."

"तो काय म्हणाला?"

मग माझ्या उत्तराची वाट न बघता तेच सावकाश म्हणाले की हा नियम दहा आज्ञांसारखा देवाने डोंगरावर दिलेला नव्हे, देवळाने केलेला आहे, आणि म्हणून देऊळ त्यातून सूटही देऊ शकतं. पण आता कानावर आलंय, तर लिहावं लागेल.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी वाचली गेली नाही. परवानगीचा कागद आला तो मुलाला घेऊन जहाज सुटल्यावर, एका ओळीचा. देवाची म्हणून जी भिंत मी उभी केली होती, ती एका माणसाच्या सहीने पडली. मुलाची पत्रं वर्षभर आली, पुढे थांबली. पाद्रींना कुणी सांगितलं, असं थोरलीने विचारलं तेव्हा बाबा माझ्याकडे न बघता म्हणाला, "मीच."

त्यानंतर बाबा एकोणीस वर्षं जगला. थोरलीने लग्न केलं नाही, बोरिवलीच्या शाळेत शिकवलं, त्याच घरात राहिली, आणि त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. "बाबाला सांग, पेज वाढलीय," ती मला म्हणे. तो दोन हातांच्या अंतरावर बसलेला असे. मी सांगत असे. तो जेवत असे. कधी तरी मी खरं सांगायला तोंड उघडणार असं वाटलं की तो नुसती नकाराची मान हलवी, आणि मी पुन्हा गप्प होई. ह्या वेळी त्याचं ऐकून.

थोरलीचं दुखणं विकोपाला गेलं तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. कन्फेशनमध्ये मी ते पूर्वीच सांगितलं होतं. पापमुक्ती मिळायला दोन मिनिटंही लागली नव्हती. मला वाटलं, थोरली रडेल किंवा मला शिव्या देईल.

"मला वाटलं होतंच कधी कधी," ती म्हणाली. "पण तसं मानलं असतं तर मग बाबाशी बोलावं लागलं असतं."

मी माफी मागितली. तिने माझा हात धरला, पण मान हलवली.

"माझं काय, मी दिली. पण त्याच्या एकोणीस वर्षांची माफी मी कुठून देऊ गो? ती मलाच हवीय."

गावच्या रिवाजाप्रमाणे तिला बाबाच्याच कबरीत ठेवलं. खणताना बाबाची थोडी हाडं वर आली, ती धुऊन, पांढऱ्या कापडात बांधून तिच्या पायाशी ठेवली. देवाने काय ठरवायचं ते त्याने ठरवलं असेल. त्याच्याबद्दल आता माझी तक्रार नाही, धाकही फारसा नाही. मी संध्याकाळी जाते, मेणबत्ती लावते, आणि जरा बाजूला उभी राहते. सवयीने वाटतं, एकाचा निरोप दुसऱ्याला सांगायचा आहे. मग लक्षात येतं, आता त्या दोघांमध्ये माझं काही काम उरलेलं नाही.