म्हशीचं प्रोटीन, मॅडमची मेंढी

लॅबच्या वहीत आम्ही एका ओळीत लिहून मोकळे होतो: 'रिझल्ट आला नाही.' त्या ओळीपर्यंत पोचताना जे जे घडतं, ते मात्र चहाच्या टपरीवर साचत जातं. मी आणि प्रज्ञा, कोल्हापुरात सहा वर्षं म्हशीच्या दुधातल्या एकाच प्रोटीनच्या मागं होतो. वर आमच्या गाईड मॅडम, आणि लॅब सांभाळायला सगळ्यांत जुने बाबूमामा. प्रोटीन किती साचलं ते विचारू नका!

*

पहिलं दूध आणायला गडमुडशिंगीला गेलो. गोठ्याचे मालक म्हणाले, "पावणं, ह्या दुधात काय बगणार?"

"त्यातल्या एका प्रोटीनचा आकार."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग किटलीकडं. "आकार? ज्या भांड्यात वतशीला तसा हुतोय की!"

*

दुधातून प्रोटीन वेगळं केलं आणि ते म्हशीचंच आहे ना, हे बघायला सिक्वेन्सिंगला पाठवलं. रिपोर्ट आला: माणूस! आमच्याच हातांची कातडी झडून सॅम्पलमध्ये गेली होती. मॅडम भडकल्या. "दोन-दोन ग्लोव्हज घाला, टोपी घाला, सॅम्पलवर वाकून बोलू नका!" आम्ही ऑपरेशनला निघाल्यासारखे नटलो. दुसरा रिपोर्ट आला: मेंढी!

बाबूमामांनी एकेकाला खालीवर बघितलं, आणि त्यांची नजर मॅडमच्या लोकरी स्वेटरवर थांबली.

"मॅडम, मेंढी तुमची हाय!"

*

दुधातलं प्रोटीन पुरेना, म्हणून म्हशीचा जीन बॅक्टेरियात घातला. प्रोटीन बनलं, ढिगानं बनलं, पण सगळं गोळा होऊन तळाशी बसलं. प्रज्ञाचा चेहरा पडला. मॅडमनी समजावलं, "याची घडी नीट बसायला त्यावर साखर चढावी लागते. बॅक्टेरियाला ते जमत नाही. सस्तन प्राण्याच्याच पेशी हव्यात."

फरशी पुसता पुसता बाबूमामा म्हणाले, "मग म्हशीलाच करू द्या की! ती रोज करत्या, आन न सांगता करत्या."

*

मग प्राण्यांच्या पेशी वाढवायला घेतल्या. त्यांचे काय नखरे! बुरशीचा एक कण शिरला की आठवड्यांची मेहनत खलास. मी जोतिबाला जाऊन आलो, डोकं तीनदा धुतलं, तरी मायक्रोस्कोपखाली गुलाल! मागोमाग बुरशी. प्रज्ञाचं पीएचडीचं शेवटचं वर्ष. ती माझ्याशी बोलेचना. मी रोज तिच्या टेबलावर चहा ठेवायचो, ती मुकाट प्यायची. महिन्याभरानं एकदाची दारातूनच म्हणाली, "पेशी छान वाढल्यात. तू आत येऊ नकोस!"

*

प्रोटीनचा आकार बघायचा तर आधी त्याचा स्फटिक बनवावा लागतो. पहिला स्फटिक दिसला तेव्हा आम्ही लगेच पेढे वाटले. मग मॅडमनी सुई टोचली, तर कट्‌कन वाजलं. प्रोटीनचा स्फटिक मऊ असतो. हे मीठ होतं.

"असू द्या," बाबूमामा म्हणाले, "पेढं तर गोड हुतं."

*

खरा स्फटिक त्यानंतर कितीतरी दिवसांनी मिळाला. प्रोटीनचा आकार कॉम्प्युटरवर जवळजवळ पुरा उभा राहिला, तेव्हा प्रज्ञानं वडिलांना बोलावलं. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत, साच्यात लोखंडाचा रस ओतण्यात तीस वर्षं गेलेला माणूस. "जय भीम, मॅडम," म्हणून दारातच थांबले. चपला काढाव्यात की नको, कळेना.

प्रज्ञानं स्क्रीनवरची ती रंगीत, गुंतलेली साखळी त्यांना फिरवून दाखवली. एका कडेला साखळीचा छोटा वळसा दिसतच नव्हता. तीन महिने शोधूनही सापडला नव्हता, आणि परीक्षक नेमकं तेच विचारतील म्हणून तिला घोर लागला होता. घरी तिनं यातलं अवाक्षर काढलं नव्हतं.

वडील स्क्रीनजवळ वाकले. "जरा मागं फिरीव बघू." तिनं फिरवलं. त्यांनी हात शर्टाला पुसला आणि बोट बरोबर त्या जागी धरलं.

"हितं रस पोचला न्हाय."

प्रज्ञानं माझ्याकडं बघितलं, मी मॅडमकडं. मॅडम उठल्या आणि स्वतःची खुर्ची त्यांच्यापुढं सरकवली.

"बसा. आणि सांगा, आणखी कुठं कुठं पोचला नाही?"