बाहेरून तापलेले पाय

तो माणूस मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. गिरणीत आला, गॉगल न काढता उभा राहिला आणि मला म्हणाला, "ए मिरचीवाली, यातली सगळ्यात जहाल कुठली?"

मी मसाल्याच्या गिरणीत काम करते. उन्हाळ्यात आसपासच्या गावांतल्या बायका वर्षाचा मसाला कुटायला आणतात. लोखंडी मुसळं दिवसभर आपटत असतात आणि आम्ही दोघी मिरची टाकतो, चाळतो, परत टाकतो. मी कोणाशी फारसं बोलत नाही. मुसळांच्या आवाजात ते कोणाच्या लक्षातही येत नाही, म्हणून ती जागा मला बरी वाटते. मी त्यालाही तोंडाने काही सांगितलं नाही. कोपऱ्यातल्या लवंगी मिरचीच्या पोत्याकडे बोट दाखवलं.

"एवढी जेवणात घालनार काय?" माझ्या जोडीच्या मावशीने विचारलं. "मराल ना सगली."

"खायला नाय मावशी. पोरींच्या पायाला लावायला."

"कोनाच्या पोरी त्या? त्यांच्या आईबापानी काय पाप केलंय?"

तो हसला आणि मग मोठ्या ऐटीत सांगायला लागला. कोन गावाच्या रस्त्याला, गोदामांच्या मागे मोकळं मैदान आहे, तिथे तो पोलीस भरतीचा क्लास घेतो. मैदान एकच तास मिळतं. त्यातला अर्धा तास अंग गरम करण्यात जातो. मिरची तेलात मुरवायची, मेण घालून लेप करायचा, मांड्यांना, पोटऱ्यांना, कमरेला चोळायचा. पाच मिनिटांत अंग तापतं. "वॉर्मअपची गरजच नाय. डायरेक्ट रनिंग."

माझी मुलगी त्याच क्लासला जात होती. मी ते त्याला सांगितलं नाही. मिरची तोलली, कुटली, पुडा बांधला आणि त्याच्या हातात दिला.

मुलीला वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची भरती होती. आधी दोनदा ती लेखीपर्यंत पोचली होती आणि थोडक्यात राहिली होती. आता नाही झालं तर पुन्हा फॉर्म भरता येणार नव्हता. घरात त्या वर्षी दुसरा विषय नव्हता. तिचे वडील कापडाच्या लूमवरून ड्युटी करून आले की आधी विचारायचे, "आज किती वेळात पळाली?" चहा नंतर.

मिरचीचं मला कोणी शिकवायची गरज नाही. इतकी वर्षं हात त्यात आहेत. आमच्यात कामाच्या दिवसांत गरम पाण्याने अंघोळ करत नाहीत. आधी हाताला तेल चोळायचं, ते पुसायचं, मग साबण, मग गार पाणी. नवीन बाई आली आणि विसरली की तिचं ओरडणं चाळीत ऐकू जातं. आणखी एक गोष्ट आम्हाला माहीत आहे. हात, मान, पाठ पेटल्यासारखी होते, घाम सुटतो, म्हणून बाई पदर सोडून पंख्याखाली बसते आणि जरा वेळाने काकडायला लागते. अंगाची आग तशीच असते आणि वर काकडते.

एकदा मलाच वाटलं होतं की ताप भरलाय. गल्लीतल्या डॉक्टरकडे गेले तर थर्मामीटरचा आकडा नेहमीपेक्षा जरा खालीच निघाला. तो म्हणाला, "ताप नाही. मिरचीने कातडीला वाटतं की खूप गरम आहे. मग शरीर घाम काढतं, रक्त कातडीकडे पाठवतं, आतली गरमी बाहेर टाकतं. तुम्हाला गरम वाटतंय तेवढंच, तुम्ही गरम नाही."

हे मी मुलीला सांगितलं. त्याच आठवड्यात, ती बूट घालत असताना.

"आई, सर बारा वर्षं ट्रेनिंग देतायत."

"देऊ दे. त्यात मिरची आहे. घाम आला की जास्त पेटेल. उन्हात चक्कर येईल तुला."

"तुला कोणी सांगितलं चक्कर येईल?"

मला कोणीच सांगितलं नव्हतं. भीती माझ्याच मनातली होती आणि मी ती डॉक्टरच्या बोलण्याला जोडून दिली. तिथेच मी चुकले. तो अख्खा मे महिना पोरी लेप लावून पळाल्या आणि कोणाला काही झालं नाही. उलट त्यांना लवकर घाम यायचा, वाऱ्यावर तो वाळायचा आणि त्या शेवटच्या फेरीपर्यंत टिकायच्या. मुलीची पळायची वेळ कमी झाली. उकाड्यात अंगातली गरमी बाहेर पडत असेल तर माणूस बरं पळणारच, हे मला आता कळतं. तेव्हा तिने घड्याळ माझ्या नाकासमोर धरलं.

"बघ. चक्कर आली का?"

त्यानंतर त्या लेपाबद्दल माझ्या बोलण्याला घरात किंमत राहिली नाही. तिचे वडीलही म्हणाले, "तू कशाला त्यात पडतेस? चौथी शिकलीस तू."  मी मनात त्या माणसाला रोज शिव्या घातल्या. लिहिताना हाताला लाज वाटेल अशा.

पावसाळ्यात क्लास एका गोदामाच्या शेडमध्ये भरायचा. भरतीची तारीख पुढे पुढे जात राहिली आणि शेवटी ऐन थंडीत लागली. आमच्याकडे थंडी ती किती, पण पहाटे खाडीकडून वारा येतो तेव्हा हाडं दुखतात. पोरी पहाटेच मैदानावर जायच्या. एके दिवशी तिचा डबा घरी राहिला म्हणून मी द्यायला गेले. वीसेक पोरी हाफ पँट आणि टीशर्टवर एका ओळीत उभ्या होत्या. स्वेटर, जॅकेटं बाजूला ढीग करून टाकलेली. पाय गाजरासारखे लाल. एकही पोरगी हलत नव्हती.

तो म्हणत होता, "हलायचं नाय. एनर्जी वाचवा. अंग तापलंय ना? तापलंय की नाय?"

"तापलंय सर!"

मी डबा घेऊन कडेला उभी होते. त्याने मला ओळखलं.

"अरे, मिरचीवाली! तुम्ही हिच्या आई काय? बघा, तुमचाच माल चाललाय. तुमच्याच कृपेनं पोरगी पोलीस होणार."

पोरी हसल्या. माझी मुलगी खाली बघत होती. मला म्हणायचं होतं की यांना स्वेटर घालायला लाव, यांना आधी हळू पळव, उन्हाळ्यात चाललं ते आता चालणार नाही. सगळं ओठापर्यंत आलं होतं. मी डबा जमिनीवर ठेवला आणि परत फिरले. पाठीमागून तो म्हणाला, "बोलत नाय वाटतं जास्त. चांगलंय. आमची बायको अशी पायजे होती." पुन्हा हसणं.

त्या दिवशी ती घरी आल्या आल्या मी तिच्या काखेत थर्मामीटर लावला. ती नको म्हणत होती, मी धरून ठेवला. पाय अजून पेटलेले होते, हात लावू देत नव्हती. थर्मामीटरचा आकडा खाली होता. मी तिला दाखवला.

"मशीन बिघडलंय तुझं," ती म्हणाली.

मी तो स्वतःला लावला. बरोबर दाखवत होता. तो आकडाही तिला दाखवला.

"आई, पुरे ना आता. ग्राउंडची परीक्षा चार दिवसांवर आलीय. माझ्या डोक्यात काही भरवू नकोस."

तिला त्या चार दिवसांत भीती घालणारी आई नको होती, हे मला कळत होतं. म्हणून मी पुन्हा बोलले नाही. आता वाटतं, भांडायला हवं होतं. लेपाची डबी उचलून संडासात रिकामी करायला हवी होती. मी ती दोनदा हातात घेतलीही होती. दोन्ही वेळा ती जागच्या जागी ठेवली, कारण मुलगी चिडेल, ओरडेल, चाळीत ऐकू जाईल. चार माणसांत आवाज होऊ नये म्हणून मी आयुष्यात बरंच काही जागच्या जागी ठेवलेलं आहे.

परीक्षा ठाणे शहरात होती. अंधार असतानाच निघालो, उजाडताना पोचलो. आईबापांना आत सोडत नव्हते. आम्ही सगळे जाळीला चिकटून उभे होतो. आत पोरींचे गट करून बसवले होते आणि एकेका गटाला उठवत होते. आठशे मीटर, मग शंभर मीटर, मग गोळाफेक. वारा सुटला होता. मी शाल डोक्यावरून घेतली होती तरी दात वाजत होते.

माझी मुलगी तिसऱ्या गटात होती. तिने पिशवीतून डबी काढली आणि पायांना लावायला लागली. लावून झाल्यावर जॅकेट काढलं, घडी करून पिशवीत ठेवलं आणि हाताची घडी घालून उभी राहिली. शेजारच्या पोरी जागच्या जागी उड्या मारत होत्या, वाकत होत्या, पाय ताणत होत्या. ती एखाद्या खांबासारखी उभी. पहिला गट पळाला. दुसऱ्या गटाला वेळ लागला, कोणाच्या तरी नंबराचा घोळ झाला होता. ती तशीच उभी. अर्धा तास तरी झाला असेल.

मी ओरडले. मला माझा आवाज ओळखू आला नाही.

"जॅकेट घाल! ऐकतेस काय? जॅकेट घाल, पळ जरा जागच्या जागी!"

जाळीजवळची सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. एक बाप्या म्हणाला, "काकू, शाळेत आली काय ती? पोलीस व्हायला आलीय, पोलीस." दुसरा म्हणाला, "मफलर पण द्या, मफलर." लोक हसले. मी पुन्हा ओरडले. दोन्ही हातांनी जाळी धरून हलवली. तिने मान वळवली, माझ्याकडे बघितलं आणि पाठ केली.

मग तिच्या गटाला बोलावलं.

पहिली फेरी ती पुढच्या चौघींत होती. दुसऱ्या फेरीच्या वळणावर तिचा हात मांडीच्या मागे गेला. मागच्या पोरी एकेक करून पुढे गेल्या. ती थांबली नाही. एक पाय ओढत, तोंड वेडंवाकडं करत तिने फेरी पुरी केली. मार्क पडले ते न पडल्यासारखे. शंभर मीटरला ती रेषेवर उभी राहिली, शिट्टी झाली, दहाबारा पावलं पळाली आणि खाली बसली. गोळा बसल्या जागेवरून तर फेकता येत नाही.

शिकलेला माणूस म्हणेल की पायाला लचक शंभर कारणांनी भरते. म्हणो. वरून पेटलेले आणि आतून गार पडत चाललेले ते पाय मी अर्धा तास जाळीतून बघत होते.

येताना बसमध्ये तिला खिडकीची जागा दिली आणि पाय माझ्या मांडीवर ठेवायला सांगितलं. तिने ठेवला नाही. खाडीच्या पुलावर तिचा फोन वाजला. तो माणूस होता. आवाज मला ऐकू येत होता, तो हळू बोलतच नाही.

"काय गं, कसं काय? शरीर फिट होतं तुझं. मनाची तयारी कमी पडली."

"हो सर," ती म्हणाली. "माझंच चुकलं."

"परवा आपल्या बाकीच्या पोरींचं ग्राउंड आहे. त्यांना सांग घाबरू नका म्हणून."

मी तिच्या हातातून फोन घेतला. आयुष्यात परक्या पुरुषाशी फोनवर बोलण्याची माझी ती पहिली वेळ असेल.

"त्या पोरींना जॅकेटं घालून ठेवा आणि आधी पळवा," मी म्हणाले. "नाहीतर त्यांच्या आया तुमच्या दारात येतील. मी घेऊन येईन."

"कोण? ए, कोण बोलतंय?"

मी फोन बंद केला.  तिने फोन परत घेतला आणि पिशवीत टाकला. 

"मैदानावर तू ओरडत होतीस," ती म्हणाली, "ते मला ऐकू आलं होतं. सगळं."

"मग?"

"लाज वाटली मला."

त्या माणसाचा राग माझ्या ओळखीचा होता, आठ महिने त्याच्यासोबत जगले होते. हा नवीन होता. पोटच्या पोरीचा. मला तिला त्या बसमध्ये, सगळ्यांसमोर, एक थोबाडीत द्यावीशी वाटली. मी शालीची टोकं घट्ट धरून बसले.

माणकोलीचा थांबा आला तेव्हा मी विचारलं, "पाय दुखतोय?"

"नाही."

मांडीला तिने दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं.